कपाट सगळ्यांचे, कुलूप ज्याचे त्याचे



आमच्या गावच्या वाचनालयात एक संगणक आहे. वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी तो ठेवला आहे. सकाळी शाळेची मुले त्याच्यावर बसतात. दुपारी बचत गटाच्या बाया हिशेब लिहितात. संध्याकाळी शेतावरून आलेली माणसे सातबारा बघतात, अर्ज भरतात. संगणक एक आणि बसणारी माणसे चाळीस.

संगणक सुरू कसा करावा, पत्र कसे लिहावे, हे आपण मागच्या पाठांत शिकलो. आज आपल्याला दुसरी गोष्ट शिकायची आहे. संगणक सगळ्यांचा असला तरी त्यातले कागद ज्याचे त्याचे असतात. ते इतरांच्या नजरेपासून कसे जपावेत?

हा पाठ लिहायला कारण घडले. आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो. चूक सांगायला लाज वाटते. पण पोरांना चाळीस वर्षे 'चूक लपवू नका' म्हणून शिकवले. आता आपणच कशी लपवावी?

आमची चूक

आमच्या गावात एक सून आहे. तिचे नाव सांगत नाही. आपण तिला ताई म्हणू. ताई दहावी शिकलेली आहे. बचत गटाचा हिशेब तीच लिहिते. तिचा हिशेब एका पैशाने चुकत नाही.

मागच्या वर्षी ताईला खोकला लागला. तो जाईना. तालुक्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. टीबी निघाला. डॉक्टरांनी धीर दिला. सहा महिने औषध न चुकता घ्या, बरे व्हाल, असे सांगितले. ताईने औषध सुरू केले. घरात नवऱ्याला आणि सासूला ठाऊक होते. बाहेर कुणाला सांगितले नव्हते.

तपासणीचा कागद तिच्या मोबाइलवर आला होता. तो छापायचा होता. म्हणून तिने तो वाचनालयाच्या संगणकात उतरवला. मग ती आमच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, हा कागद कुणाच्या दृष्टीला पडू नये. काय करू?"

आम्ही म्हणालो, "त्यात काय अवघड? फोल्डर लपवता येतो."

फोल्डर म्हणजे कागद ठेवायचे पाकीट. आम्ही त्या पाकिटावर माऊसची उजवी कळ दाबली. 'प्रॉपर्टीज' उघडले. 'हिडन' ह्या शब्दापुढे खूण केली. पाकीट पडद्यावरून नाहीसे झाले. ताईला बरे वाटले. आम्हालाही वाटले, आपल्याला किती येते!

पंधरा दिवसांनी एक कॉलेजचा मुलगा संगणकावर बसला. त्याला स्वतःची एक फाईल सापडत नव्हती. त्याने पडद्यावरच्या 'व्ह्यू' ह्या यादीत जाऊन 'हिडन आयटम्स' ह्या शब्दांवर टिचकी मारली. लपवलेली सगळी पाकिटे पुन्हा दिसू लागली. त्यात ताईचे पाकीटही होते. त्याने ते उघडले. वाचले. एका मित्राला सांगितले.

पुढचे आम्ही काय सांगावे? गाव लहान आहे. दोन दिवसांत बाया ताईच्या घरचा चहा टाळू लागल्या. गटाच्या बैठकीत तिच्याजवळची जागा रिकामी राहू लागली. तिच्या लहान मुलीला खेळणाऱ्या पोरींनी दूर केले. औषध नीट सुरू झाले की काही आठवड्यांत लागण होण्याचा धोका बहुतेक संपतो, हे डॉक्टरांनी सांगितले होते. पण ते ऐकायला कुणी थांबले नाही.

आम्ही ताईच्या घरी गेलो. म्हणालो, "ताई, चूक आमची आहे."

ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "गुरुजी, मी कुलूप मागितलं होतं. तुम्ही पडदा लावलात."

ते बोल आमच्या मनाला लागले. त्या दिवसापासून आम्ही कुलपाची माहिती गोळा करू लागलो. जाणत्यांना विचारले. करून पाहिले. चुकलो, पुन्हा केले. जे खरे ठरले तेच इथे लिहीत आहोत.

लपवणे म्हणजे कुलूप नव्हे

पैशाचा डबा धान्याच्या कणगीमागे ठेवला, तर तो लपला. पण कणगी सरकवली की दिसतो. डब्याला कुलूप असेल, तर दिसला तरी उघडत नाही. दोन्हींत फरक आहे.

'हिडन' म्हणजे कणगीमागचा डबा. ज्याला एक टिचकी ठाऊक आहे त्याला तो सापडतो. फाईलचे नाव बदलून 'जुने गाणे' असे ठेवले, तरी तेच. फोल्डराच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर असे दहा केले, तरी तेच. संगणकाला शोधायला सांगितले की तो सगळे धुंडाळतो. त्याला कंटाळा येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. लपवले म्हणजे जपले असे नाही.

ज्याचे त्याचे खाते

आमच्या संगणकावर चाळीस माणसे एकाच नावाने काम करीत होती. हेच दुखण्याचे मूळ होते. एका घरात चाळीस माणसे, आणि खोली एकच. मग कुणाचे काय, हे संगणकाला कसे कळावे?

बँकेत आपले वेगळे खाते असते. तसेच संगणकातही प्रत्येकाचे वेगळे खाते उघडता येते. आमच्या संगणकावर विंडोज 11 आहे. त्यात खाते असे उघडतात.

पहिल्यांदा 'सेटिंग्ज' उघडावे. तिथे 'अकाउंट्स' असते. त्यात 'अदर युजर्स' असते. तिथे 'ॲड अकाउंट' वर टिचकी मारावी. संगणक ई-मेलचा पत्ता मागतो. तो नसला तरी अडत नाही. ह्या माणसाची माहिती आपल्याकडे नाही, अशा अर्थाची ओळ खाली असते. ती निवडावी. पुढे मायक्रोसॉफ्टच्या खात्यावाचून माणूस जोडण्याची ओळ येते. ती निवडावी. मग नाव घालावे आणि पासवर्ड घालावा. पासवर्ड म्हणजे खात्याची किल्ली.

हे काम संगणकाच्या कारभाऱ्यानेच करायचे असते. पण पासवर्ड घालताना कारभाऱ्याने तोंड फिरवावे. किल्ली ज्याची त्यानेच घडवावी.

असे खाते उघडले की संगणक त्या माणसाची वेगळी खोली तयार करतो. 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डाउनलोड्स' ही पाकिटे त्या खोलीत असतात. दुसरा साधा वापरणारा तिथे शिरू लागला, तर संगणक त्याला दारातच अडवतो. तुम्हाला परवानगी नाही, असे सांगतो. पुढे जायचे तर कारभाऱ्याचा पासवर्ड मागतो.

एक सांभाळा. 'पब्लिक' नावाचे एक पाकीट सगळ्यांसाठी उघडे असते. ते गावच्या चावडीसारखे आहे. तिथे गटाची सूचना ठेवा. खाजगी कागद ठेवू नका.

किल्ली कशी असावी

कुलूप चांगले आणि किल्ली उंबऱ्यावर, तर काय उपयोग?

आमच्या गावात आम्ही लोकांना पासवर्ड कसे निवडता, एवढेच विचारले. कुणी मुलाचे नाव म्हणाले. कुणी मोटरसायकलचा नंबर. कुणी जन्माचे साल. हे सगळे गावाला ठाऊक असते. शहरात शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही. खेड्यात तर आपल्या बैलाचे नावही सगळ्यांना ठाऊक. म्हणून खेड्यात किल्ली अधिक जपून निवडावी लागते.

एक उदाहरण घ्या. आधारचा कागद संगणकावर उतरवून घेतला, की तो कुलूपबंद येतो. त्याची किल्ली कोणती? नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे साल. ही रीत सगळ्या देशाला ठाऊक आहे. तुमचे नाव गावाला ठाऊक आहे. जन्मसाल शाळेच्या पटावर आहे. मग ते कुलूप अनोळखी माणसासाठी ठीक. शेजाऱ्यासाठी ते उघडेच. तेव्हा आधारचा कागद कुलूपबंद आहे म्हणून सगळ्यांच्या संगणकावर सोडून जाऊ नका.

आता थोडे गणित करू. नुसत्या 4 आकड्यांची किल्ली घेतली, तर 10,000 प्रकार होतात. इंग्रजी लिपीत अक्षरे 26. त्यांतली 4 घेतली, तर 4 लाख 56 हजार 976 प्रकार होतात. हे पुष्कळ वाटतात. पण यंत्राला ते किरकोळ आहेत. तीच अक्षरे 8 घेतली, तर 20 हजार कोटींहून अधिक प्रकार होतात. एकेक अक्षर वाढले की प्रकार 26 पट वाढतात. म्हणून किल्ली वाकडीतिकडी असण्यापेक्षा लांब असणे महत्त्वाचे.

लांब किल्ली लक्षात कशी राहणार? एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. जसे: पायरी, कंदील, दही, सुतळी. इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. मनात चित्र करा. पायरीवर कंदील, कंदिलाशेजारी दही, दह्याच्या गाडग्याला सुतळी. झाले पाठ! मात्र हेच चार शब्द घेऊ नका. ते आता सगळ्या वाचकांना ठाऊक झाले आहेत.

खाते उघडताना संगणक तीन प्रश्नही विचारतो. किल्ली हरवली तर त्या उत्तरांवर दार उघडते. तुमचा जन्म कुठल्या शहरात झाला? लहानपणी तुम्हाला काय नावाने हाक मारीत? असे ते प्रश्न असतात. खेड्यात ही उत्तरे कुणालाही ठाऊक असतात. म्हणून तिथे खरे उत्तर देऊ नका. मनात ठरवलेले दुसरेच काही लिहा. इथे खोटे लिहिल्याचे पाप लागत नाही.

एक जुनी गोष्ट

एकच संगणक पुष्कळांनी वापरायचा, हा प्रश्न फक्त आपल्या गावाचा नाही. तो साठ वर्षांहून जुना आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी नावाची मोठी विद्यासंस्था आहे. तिथे 1961 साली फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सोबत्यांनी एक युक्ती काढली. एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे. मग एकाचे कागद दुसऱ्याने पाहू नयेत, म्हणून त्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला.

ॲलन शेर नावाचा एक संशोधक तिथे होता. त्याला आठवड्याला ठरावीक तास मिळत. ते त्याला पुरत नव्हते. सगळ्यांचे पासवर्ड एका फाईलमध्ये साधे लिहिलेले असत. 1962 साली त्याने युक्तीने ती फाईल कागदावर छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम केले. ही गोष्ट त्याने पुष्कळ वर्षांनी कबूल केली.

पुढे 1966 साली तिथे एक घोटाळा झाला. जो आपले खाते उघडील त्याला त्या दिवसाची सूचना दिसायची. एके दिवशी सूचनेच्या जागी सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच दिसू लागली! कुणी चोरी केली नव्हती. दोन फाईलींची अदलाबदल झाली होती.

ह्यातून काय शिकावे? किल्ली उघडी लिहून ठेवू नये. आताचे संगणकही पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवीत नाहीत, त्याची ओळखू न येणारी खूण ठेवतात. मग आपण तो वहीत लिहून, ती वही संगणकाशेजारी कशी ठेवावी? लिहायचाच असेल तर घरच्या पेटीत ठेवा.

उठताना काय करावे

चहा प्यायला उठलात. पडदा उघडाच आहे. दुसरा येऊन बसला. आता तुमच्या कुलपाला अर्थ उरला नाही. दार उघडे टाकून कुलूप खिशात घेऊन गेल्यासारखे झाले.

थोडा वेळ उठायचे असेल, तर दोन कळा एकदम दाबा. एक विंडोजच्या चिन्हाची कळ आणि दुसरी इंग्रजी एल अक्षराची. पडदा बंद होतो. परत आल्यावर पासवर्ड घालायचा.

काम संपले असेल, तर आधी लिहिलेले साठवा. मग 'साइन आउट' करा. साइन आउट म्हणजे खात्यातून बाहेर पडणे. नुसता पडदा विझवणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे.

मागे काय उरते

पाटीवरचे पुसले की पुसले जाते. संगणकाचे तसे नाही.

फाईल काढून टाकली की ती आधी 'रिसायकल बिन' ह्या टोपलीत जाते. टोपलीतून कुणीही ती परत काढू शकतो. म्हणून टोपली रिकामी करावी. टोपली रिकामी केल्यावरही जाणता माणूस कधी कधी ती फाईल परत मिळवतो. कारण संगणक पुष्कळदा नुसते फाईलीचे नाव खोडतो आणि जागा मोकळी झाली असे मानतो. मजकूर तिथे काही काळ उरू शकतो.

इंटरनेटवरून कागद उतरवला की तो 'डाउनलोड्स' ह्या पाकिटात पडून राहतो. आमच्या जुन्या समाईक खात्यात आम्ही एकदा ते पाकीट उघडले. त्यात अर्ज, फोटो, बँकेचे कागद, असे किती तरी निघाले. कागद छापून माणसे घरी गेली. कागदाची प्रत मात्र तिथेच राहिली.

काही जण म्हणतात, "आम्ही खाजगी खिडकी उघडतो. मग काही उरत नाही." हे अर्धे खरे आहे. खाजगी खिडकीत कोणती पाने पाहिली, ह्याची नोंद खिडकी बंद केल्यावर राहत नाही. पण उतरवलेला कागद तसाच राहतो. तो आपल्या हातानेच काढावा लागतो.

संगणक कधी कधी विचारतो, हा पासवर्ड लक्षात ठेवू का? समाईक खात्यात नेहमी 'नाही' म्हणा. मोबाइलचे व्हॉट्सॲप संगणकाला जोडले असेल, तर उठताना ते तोडा. मोबाइलवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन 'लॉग आउट' करता येते. घरी गेल्यावर आठवले, तरी मोबाइलवरून हे करता येते.

पाकिटाला स्वतःचे कुलूप

वेगळे खाते झाले. म्हणजे खोलीला दार आले. पण कधी समाईक खात्यातच काम करावे लागते. कधी कागद पेन ड्राइव्हवर न्यायचा असतो. पेन ड्राइव्ह खिशातून पडतो. अशा वेळी पाकिटालाच कुलूप लावावे.

लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलत होतो. 'पाणी' म्हणायचे तर 'चणीपा' म्हणायचे. ज्याला रीत ठाऊक नाही त्याला काही कळत नसे. संगणकही मजकूर असाच उलटापालटा करू शकतो. फरक एवढाच की 'च'ची भाषा सगळ्या पोरांना येते. संगणकाने केलेली उलटापालट मात्र तुमच्या किल्लीवाचून सरळ होत नाही. ह्याला एन्क्रिप्शन म्हणतात.

सेव्हन-झिप नावाचे एक साधन फुकट मिळते. कारभाऱ्याने ते संगणकावर घालून द्यावे. पाकिटावर माऊसची उजवी कळ दाबून 'ॲड टू आर्काइव्ह' निवडावे. पासवर्ड दोनदा घालावा. फाईलींची नावेही झाकण्यासाठी 'एन्क्रिप्ट फाईल नेम्स' पुढे खूण करावी. ही खूण सेव्हन-झेड प्रकार निवडला असेल तरच करता येते. मग एक नवे, कुलूपबंद पाकीट तयार होते. मूळचे उघडे पाकीट मात्र तसेच राहते! कुलूपबंद पाकीट उघडून पाहावे. ते नीट उघडते अशी खात्री झाली की मूळ पाकीट काढून टाकावे आणि टोपली रिकामी करावी.

ह्या कुलपाची एक अडचण आहे. किल्ली विसरलात तर कागद गेला. कारभारी उघडू शकत नाही, साधन बनवणाराही उघडू शकत नाही. म्हणून महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत घरी ठेवावी. कुलूप चोरापासून वाचवते. विसरण्यापासून वाचवत नाही.

सगळा संगणकच चोरीला गेला तर? विंडोजच्या प्रो प्रकारात बिटलॉकर नावाची सोय आहे. ती चालू केली, तर संगणकातली तबकडी काढून दुसरीकडे लावली तरी मजकूर वाचता येत नाही. ती चालू करताना 48 आकड्यांची एक राखीव किल्ली मिळते. आमच्या वाचनालयाने ती कागदावर लिहून वेगळ्या कपाटात बंद ठेवली आहे. मात्र हे चोरासाठीचे कुलूप आहे. संगणक चालू असताना शेजारी बसलेल्या माणसाला ते अडवत नाही. त्याच्यासाठी वेगळे खातेच हवे.

कारभाऱ्याची किल्ली

आता खरे बोलले पाहिजे. प्रत्येकाला खाते दिले, तरी एक माणूस सगळ्या खोल्यांत जाऊ शकतो. तो संगणकाचा कारभारी. त्याला 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणतात. तो दुसऱ्याचा पासवर्ड बदलू शकतो. ठरवले तर दुसऱ्याचे कागदही पाहू शकतो.

आमच्या वाचनालयात ते काम आमच्याकडे आहे. म्हणून आम्ही स्वतःवर तीन बंधने घालून घेतली. पहिले, कारभाऱ्याच्या खात्यात रोजचे काम करायचे नाही. आम्हालाही साधेच खाते. दुसरे, कारभाऱ्याचा पासवर्ड बंद लखोट्यात समितीकडे राहील. म्हातारपण आहे, उद्या आम्ही नसलो तर संगणक अडू नये. तिसरे, कुणाचे खाते उघडायची वेळ आली, तर तो माणूस समोर असताना आणि दुसऱ्या एका सभासदाच्या साक्षीनेच उघडायचे.

हे तीन नियम भिंतीवर लिहिले आहेत. यंत्राचे कुलूप इथे संपते. पुढे माणसाचा शब्द लागतो.

काय ठेवूच नये

काही गोष्टी सगळ्यांच्या संगणकावर आणूच नयेत. बँकेचा व्यवहार त्यावर करू नये. कोणती कळ दाबली ते चोरून टिपणारे कार्यक्रम असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. बँकेचा पासवर्ड कुठल्याच फाईलमध्ये लिहू नये. आधार दाखवायचे असेल आणि चालत असेल, तर आधारचा झाकलेला प्रकार काढावा. त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

पैशाची फसवणूक झालीच, तर वेळ घालवू नका. 1930 ह्या क्रमांकावर लगेच फोन करा.

दुसऱ्याचे कागद लबाडीने उचलणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 प्रमाणे 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. तो शहरातल्या माणसाला आहे तसा खेड्यातल्या सुनेलाही आहे.

पण कायदा मागाहून धावतो. कुलूप आधी लागते.

पुढे काय झाले

त्या कॉलेजच्या मुलाला आम्ही बोलावले. तो आमचाच विद्यार्थी. मान खाली घालून म्हणाला, "गुरुजी, फोल्डर समोर दिसला, म्हणून उघडला."

आम्ही म्हणालो, "बाळ, रस्त्यात कुणाचे पत्र पडलेले दिसले, तर तू वाचतोस का?"

तो बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो आपणहून ताईच्या घरी गेला. तिथे काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. पुढच्या आठवड्यात त्यानेच बसून चाळीस माणसांची चाळीस खाती उघडली. प्रत्येक जण पासवर्ड घालायला लागला की तो भिंतीकडे तोंड करी.

ताईचे सहा महिन्यांचे औषध पूर्ण झाले. तपासणी झाली. ती बरी झाली. काही बाया पुन्हा तिच्याकडे चहाला जाऊ लागल्या. काही अजून जात नाहीत. उघडे पडलेले पाकीट बंद करता येते, पण लोकांनी वाचलेले परत घेता येत नाही.

ताई आता पुन्हा वाचनालयात येते. गटाचा हिशेब लिहिते. उठताना त्या दोन कळा दाबते. एकदा दाबून पुन्हा पडद्याकडे बघते, मगच निघते. तिच्या खात्यात आणखी काय आहे, ते आम्हाला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचेही नाही.

लक्षात ठेवा

1. लपवणे म्हणजे कुलूप नव्हे.
2. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे.
3. किल्ली लांब असावी. गावाला ठाऊक असलेली नसावी.
4. उठताना पडदा बंद करावा. जाताना खात्यातून बाहेर पडावे.
5. डाउनलोड्सचे पाकीट आणि टोपली रिकामी करावी.
6. नाजूक कागदाला स्वतःचे कुलूप लावावे. त्याची दुसरी प्रत घरी ठेवावी.
7. दुसऱ्याचा कागद समोर दिसला, तरी वाचू नये.

शब्दांचे अर्थ

फाईल : संगणकातला एक कागद.
फोल्डर : असे कागद ठेवायचे पाकीट.
पासवर्ड : खात्याची किल्ली.
एन्क्रिप्शन : किल्लीवाचून वाचता येणार नाही असा मजकूर करणे.
ॲडमिनिस्ट्रेटर : संगणकाचा कारभारी.

प्रश्न

1. गुरुजींनी ताईला कोणता चुकीचा उपाय सांगितला? तो का फसला?
2. आधारच्या कागदाचे कुलूप खेड्यात का पुरत नाही?
3. कारभाऱ्याने स्वतःवर कोणती बंधने घालून घेतली?
4. कागद छापून झाल्यावर संगणकात काय उरते?

करून पाहा

आज संगणकावर बसाल, तेव्हा आधी 'डाउनलोड्स' उघडा. तुमचे किती कागद तिथे पडले आहेत ते मोजा. तुमचे तेवढे काढून टाका. दुसऱ्याचा दिसला, तर तो उघडू नका. त्या माणसाला बाजूला बोलावून सांगा.